दीडशेची पिशवी

मंगळवार, ४ मार्च

वस्तुस्थिती क्रमाने लिहिते. पहिली : धाकट्याने मला न विचारता पॅराशूटची पाठपिशवी विकत घेतली. दुसरी : ती दीडशे चौरस फुटांच्या छत्रीसाठी शिवलेली आहे, आतल्या पट्टीवर तसे छापलेलेही आहे. तिसरी : आमच्या बंधुराजांची छत्री एकशे नव्वदची. चौथी : तरीही आज दोन्ही क्लबच्या घडीखोलीत माझ्या टेबलावर टाकून तो म्हणाला, "ताई, बसव."

बसत नाही, हे मी बसवून दाखवले. घडी शक्य तितकी दाबली, वर गुडघा रोवला, तेव्हा कुठे झडपा मिटवणारी पिन लागली. पिशवी टम्म फुगली, कोपरे दगडासारखे झाले. मग त्यालाच पिन काढायला सांगितली. चेहरा लाल होईपर्यंत ओढावी लागली. हवेत ती ओढायला तू नसतोस, मोठीला बाहेर खेचणारी वीतभर ओढछत्री असते, असे मी सर्वांसमक्ष सुनावले.

"थोडं पोट आत घेऊन बसेल की गं," तो म्हणाला. खोलीतले सगळे हसले. छत्रीला पोट नसते, आणि हसणाऱ्यांना अक्कल नसते, एवढे बोलून मी कामाला लागले.

कापडाच्या घडीवर मी प्रबंध लिहिला आहे. हा माझा सख्खा भाऊ, आणि पिशवी घेताना मला विचारावेसे वाटले नाही!

बुधवार, ५ मार्च

नव्या शिकाऊंचा वर्ग. पिशवीत कोंबलेली छत्री वेळेवर बाहेर येत नाही. पिशवीत खुळखुळणारी छत्री नको तेव्हा बाहेर येते. दोन्ही सारखेच वाईट. शिवाय नुसत्या आकड्यावर विसंबू नये : दोन कारखान्यांच्या दीडशे सारख्या नसतात, नवे कापड जुन्यापेक्षा फुगते. घडी घालूनच खात्री करावी. कोणी टिपून घेतले नाही. एक जण जांभई देत होता.

शनिवार, ८ मार्च

भावजयीचा फोन. जुन्या पिशवीचे पट्टे त्याच्या खांद्याला काचतात, म्हणून नवी घेतली म्हणे. तुम्हाला आधी विचारलं असतं तर तुम्ही शंभर चुका काढल्या असत्या, अशी भीती होती त्याला, तेही तिनेच सांगितले. शंभर नसत्या काढल्या. एकच होती.

डावा गुडघा गेल्यापासून माझ्या उड्या बंद, माझी स्वतःची पिशवी कपाटात पडून आहे. एकशे नव्वदचीच आहे. पट्टे बदलून दिले की त्याला झाली असती. मागितली असती तर दिली असती.

गुरुवार, १३ मार्च

धाकटा पुन्हा आला. पिशवी बदलली नाही, छत्री बदलली! कोणा मित्राची दीडशेची, फारशी न वापरलेली.

"आता तरी?"

घडी घातली. खरे लिहायचे तर फार दिवसांत इतकी सुरेख बसलेली छत्री पाहिली नव्हती. कोपरे भरले, पण ताणले नाहीत. झडपा अलगद मिटल्या. पिन लागली, आणि दोन बोटांनी निघाली. जुळणीच्या दाखल्यावर मी सही केली.

तो दाराशी घुटमळला. एकदा म्हणाला, "तुला काय वाटतं, ताई?"

"पिशवीला योग्य आहे," मी म्हणाले.

त्याचे वजन मला ठाऊक आहे. त्याच्या उड्या किती झाल्या तेही. एवढ्या देहाखाली एवढे कमी कापड म्हणजे छत्री सुसाट धावणार, आणि त्याला अजून संथ छत्रीही नीट उतरवता येत नाही. पण छत्री माणसाला झेपेल का, हे पाहणे प्रशिक्षकाचे काम. माझे काम छत्री पिशवीला जुळते का, एवढेच. आणि ज्याला विचारण्याची गरज आधी वाटली नाही, त्याला आता आपणहून का सांगावे?

रविवार, १६ मार्च

धाकटा पडला. जिवंत आहे.

सोमवार, १७ मार्च

छत्री निर्दोष उघडली. पिन वेळेवर सुटली, दोऱ्या सरळ, एकही पीळ नाही. जमीन जवळ आल्यावर त्याने सवयीप्रमाणे वळण घेतले. एकशे नव्वद त्या वळणातून सावरली असती. दीडशे सावरली नाही. उजवा पाय दोन ठिकाणी मोडला, शिवाय टाच. डॉक्टर म्हणाले, पुन्हा चालू शकेल. पुढचे मी विचारले नाही.

प्रशिक्षक इस्पितळाबाहेरच्या बाकावर डोके धरून बसले होते. मला पाहून उठले. "तुमच्या हातून आली ना, म्हणून मी त्याला काही विचारलंच नाही. म्हटलं, बहिणीने पाहिलं असणार."

आणि मी म्हटले होते, प्रशिक्षक पाहतील.

छत्री मी घरी आणून धुतली. गवताचे डाग निघाले.

बुधवार, १९ मार्च

भावजय माझ्याशी बोलत नव्हती. डबा घेतला, बाजूला ठेवला, उशीचे अभ्रे बदलत राहिली. निघताना तिने मला जिन्यात गाठले. आवाज चढवला नाही; चढवला असता तर बरे झाले असते.

"ताई, तुम्ही एवढ्या शिकलेल्या. ही तुला लहान पडेल रे, एवढं एक वाक्य बोलायला काय लागत होतं?"

जबाबदारीची विभागणी कशी असते, हे मला तोंडपाठ आहे. मी जिना उतरून आले. डबा तिच्याकडेच राहिला.

शुक्रवार, २१ मार्च

कपाटातली पिशवी काढली. पट्टे बदलले, शिवण तपासली, त्याची एकशे नव्वद तिच्यात बसवली. गुडघा लावावा लागला नाही. चहा निवायच्या आत सगळे झाले.

एवढेच काम होते!

सोमवार, २४ मार्च

आज तो बराच हुशार होता. पायाखालची उशी सरकली म्हणून मी नीट केली. मग पुन्हा केली.

"मोजपट्टी आणलीस का?" म्हणाला. भावजयसुद्धा हसली, आठवड्यात पहिल्यांदा.

क्लबचे प्रमुख सकाळी येऊन त्याचा जबाब घेऊन गेल्याचे त्याने सांगितले. काय सांगितलेस, म्हणून विचारले, तर म्हणे, जे घडलं ते. आणि विषय बदलून पिशवीची चौकशी करू लागला. तिच्यावर ओरखडाही नाही, असे मी सांगितले. "चला, एक तरी धड राहिली," म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. पाठ शाळकरी मुलासारखी दिसत होती, अगदी लहान.

मला क्षमा मागायची होती. मी औषधांच्या वेळा विचारल्या आणि परत आले.

शुक्रवार, २८ मार्च

अहवाल आला. प्रमुख स्वतः घेऊन आले. तुमच्यावर काही नाही, निश्चिंत राहा, म्हणाले. त्यात धाकट्याचा जबाब असा : "छत्री तुला लहान आहे, ही घेऊन उडी मारू नकोस, असं ताईने बजावलं होतं. मीच हट्टाने ऐकलं नाही."

प्रमुखांना दाराशी थांबवले आणि उभ्याउभ्या लिहून दिले :

"माझ्या भावाचा जबाब असत्य आहे. मी त्याला बजावले नव्हते. त्याने मला विचारले होते. छत्री त्याला पेलणार नाही हे ठाऊक असूनही मी फक्त पिशवीविषयी उत्तर दिले. जबाबातील ते वाक्य खोडावे, त्या जागी हे घालावे, आणि तसे केल्याचे मला लेखी कळवावे."