उन्हात ठेवलेली फीत

॥ श्री ॥
जानेफळ, १२ मे १९६८

ती. शरददादास शैलजाचा शि. सा. न. वि. वि.

आधी बस, पाणी पी, मग पुढचं वाच. दिवाळीत तू कॉलेजचा टेपरेकॉर्डर आणून अंबूकाकूच्या जात्यावरच्या ओव्या भरून घेतल्या होत्यास. काकू संक्रांतीला गेली आणि तिचा आवाज त्या एकाच फितीत राहिला. तर गुरुवारी आईनं दरवर्षीसारखं पोथ्यांना नि घोंगड्यांना अंगणात ऊन दाखवलं. कसर लागू नये म्हणून पेटीतली फीतही पोथ्यांशेजारी ठेवली. मी मेहकरहून परतले तोवर ती पापडासारखी वाकडी झाली होती, आणि आईनं हातानं गुंडाळताना तीन ठिकाणी तुटली.

काकू आईची थोरली जाऊ. तीस वर्षं दोघी एका जात्यावर समोरासमोर बसल्या. आई दोन दिवस धड जेवली नाही. 'म्या माह्या हातानं जाऊबाईचा आवाज वाळत घातला,' एवढंच म्हणते. तुकडे अमरावतीला निघालेल्या माणिकरावांबरोबर पाठवते. लोभ आहेच, रागावून तो कमी करू नकोस.

तुझी शैलजा

॥ श्री ॥
अमरावती, २० मे १९६८

चि. शैलजास अ. उ. आ.

आईला आधी जेवायला बसव. फीत बचावली आहे. आमच्या प्रयोगशाळेतल्या मोतीरामनं दाढीच्या ब्लेडनं तुटकी टोकं तिरपी कापून चिकटपट्टीनं जोडली, फीत घट्ट गुंडाळून दोन दिवस ठेवली. काल लावली. अडतीसपैकी छत्तीस ओव्या पुऱ्या आल्या. आवाज जरा थरथरतो, पण काकू ती काकूच.

दोन ओव्यांच्या पहिल्या ओळी मात्र गेल्या. पहिली ओळ काकूची, दुसरी आईची, असं त्यांचं ठरलेलं. तिथे आता नुसती आईची दुसरी ओळ ऐकू येते. आईला त्या पहिल्या ओळी ठाऊक असणारच, विचारून कळव. एक जूनला यंत्र घेऊन येतो. तुझी शेलकी पत्रं अशीच येत राहोत.

शरच्चंद्र

॥ श्री ॥
जानेफळ, २४ मे १९६८

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

छत्तीस ऐकून आई उठली आणि पोटभर जेवली. पण पहिल्या ओळी विचारल्या तर ठाऊक नाहीत म्हणाली. मी हटून बसले, तेव्हा खरं बोलली. ठाऊक होत्या, पण थोरलीची ओळ धाकटीनं म्हणायची नाही, हा आपल्या घरचा रिवाज. काकू आजारी असायची तेव्हा आई मुक्यानंच दळायची. माझ्या कधी लक्षातही आलं नाही, याची लाज वाटली.

आज सकाळी तिनं ज्वारी घेतली, मला जात्यावर समोर बसवलं आणि हरवलेल्या दोन्ही ओळी न अडखळता म्हटल्या. आवाज गोड आहे रे तिचा. मग ती थांबेचना. मी कधी न ऐकलेली एक ओवी आली, मागून दुसरी, तिसरी. कुणाच्या म्हणून विचारलं, तर जात्याकडेच बघत म्हणाली, 'माह्याच हायेत. म्हनाची बारी कधी आली नाही.'

येताना कोरी फीत आण. मोठी आण.

आईचे तुला आशीर्वाद, माझ्यावरची माया आहे तशी असू दे.

शैलजा