कुलुपातल्या गुलाबाची वाटणी

एका गुलाबाची खरी किंमत काय पडली ते आधी लिहून ठेवतो, म्हणजे मागाहून कोणी "म्हाताऱ्याला आयतं सापडलं" असं म्हणायला नको. अकरा वर्षं. चार हजारांवर बिया. त्यातल्या उगवल्या नऊशे आणि ठेवण्याजोगं निघालं एक रोप. काटा लागून गेलेली उजव्या डोळ्याची नजर. आणि एक सख्खा धाकटा भाऊ. यातलं फक्त रोप हाती राहिलं.

मी, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा रोपवाटिका, राहणार याच रोपवाटिकेच्या पुढच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने सांगत आहे. डाव्या डोळ्याला आता फक्त उजेड आणि सावली कळते, म्हणून लिहिण्याचं काम वकिलांच्या कारकुनाकडे आहे. तो माझं बोलणं सोज्वळ करू पाहतो. दर पान त्याच्याकडून दोनदा वाचून घेतलं आहे आणि बदललेले शब्द परत घालायला लावले आहेत.

माझं डोकं ठिकाणावर असल्याची खात्री डॉक्टरांनी समक्ष केली. त्यांनी विचारलं, "काका, ही किती बोटं?" मी म्हणालो, "बोटं दिसत नाहीत. पण तुमचा कंपाउंडर बाहेर फोनवर सासऱ्याला तुमचा पगार सांगतोय, तो ऐकू येतोय." डॉक्टरांनी लगेच दाखला दिला.

कलम १. जमीन, विहीर, दोन्ही खोल्या, जाळीची शेड आणि बँकेतली ठेव माझ्या लेकीला. वीस वर्षं ती या मातीत राबली आहे. तिचं नि माझं पटत नाही. मला न विचारता ती पाणी तोडते, आणि शेवटी तिचंच बरोबर निघतं. हे मी कधी तिच्या तोंडावर बोललो नाही. इथेही एकदाच बोलतो.

कलम २. चिरंजीवांचं प्लास्टिकच्या फुलांचं दुकान आहे. झाड पाकळ्या रंगवतं, वास सोडतं, ते सगळं माशी-मधमाशीला धाडलेलं आमंत्रण असतं. खरं कार्य आत: पुंकेसरावरचे पराग मधोमधच्या कुक्षीवर पडायचे, तिथून खाली बीजांडापर्यंत पोचायचे आणि बी धरायचं. चिरंजीव नुसती आमंत्रणं विकतात, आत कार्यच नाही. त्यांना मी बारीक चिमटा देतो. त्यांनी आपल्या मालातलं एक फूल उघडून आत काय आहे ते पाहावं. बाकी काही देत नाही.

कलम ३. झाडाचे डोळे भरायचा चाकू लेकीला. पराग लावायचा ब्रश माझ्यासोबत जाळावा, कारण त्यावरून एकदा घर फुटलं आहे.

हे कसं झालं ते सांगितल्याशिवाय पुढची कलमं समजायची नाहीत. गुलाबाची नवी जात करायची तर कळी उमलायच्या आधी तिच्या पाकळ्या उतरवायच्या, चिमट्याने एकूण एक पुंकेसर काढायचे आणि कागदी पिशवी बांधायची, म्हणजे फुलाला स्वतःचा किंवा शेजारचा पराग लागत नाही. दुसऱ्या दिवशी पिशवी सोडून, आपल्याला हवा त्या गुलाबाचा पराग ब्रशने लावायचा आणि पुन्हा बांधायची. फळ पिकायला चार महिने. त्यातलं प्रत्येक बी म्हणजे निराळं पोर, बापावर जाईल की आईवर, सांगता येत नाही. त्यातलं मनासारखं एक मिळालं, की मग बी नको. त्याचा डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतला कोंब, सालीसकट काढायचा आणि रानटी गुलाबाच्या खुंटात, म्हणजे मुळं धरलेल्या बुंध्यात, भरायचा. बी नवं माणूस देतं, डोळा तेच माणूस पुन्हा देतो.

उजवा डोळा गेल्यावर पराग लावायला भाऊ बसायचा. ज्या दिवशी ते एक रोप फुललं, आतून काळपट लाल आणि कडेला राखाडी, त्या दिवशी तो म्हणाला, "दादा, याला आपल्या दोघांचं नाव देऊ."

"दोघांचं कशाला?"

"पराग मी लावले ना."

"ब्रश माझा होता."

"हात तर माझा होता?"

"हाताला मजुरी मिळाली होती तुला."

त्यानंतर एकवीस वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. तो याच जमिनीच्या मागच्या कोपऱ्यातल्या खोलीत राहतो आणि मध्ये मी पत्र्याची भिंत घातली आहे. गुलाबाला मग कोणाचंच नाव दिलं नाही. बाजाराने आपणहून त्याला कुलुपातला गुलाब म्हटलं.

कलम ४. कुलुपातला गुलाब. जगात याची चाळीस झाडं आहेत आणि चाळीसही माझ्या कुंपणात आहेत. रोप मी कोणाला विकलं नाही. फूल विकताना दांडीवरचा प्रत्येक डोळा चाकूने खरवडून टाकला, म्हणजे कोणाला तो घरी नेऊन खुंटात भरता येऊ नये. कुंपणाची किल्ली माझ्या कमरेला असते. छाटणी मी हाताच्या अंदाजाने एकटा करतो, मजुराला तिथे पाऊल टाकू दिलेलं नाही. ही चाळीस झाडं आणि किल्ली लेकीला, याच शिस्तीवर.

कलम ५. तीन आठवड्यांपूर्वी पत्र्यापलीकडे भावाची बायको बोलताना ऐकली, "अहो, हळू बोला, भावजींना ऐकू जाईल. सहा वर्षं लपवलंय, आता कशाला?" तो म्हणाला, "दादाला दिसत नाही तोवर चिंता नाही. या वासाचं काय करू तेवढं सांग."

मग मी पत्र्याला नाक लावलं. वास माझ्या गुलाबाचा होता.

सहा वर्षांपूर्वी मी दवाखान्यात होतो. तेव्हाच हा इसम कुंपणावरून चढून डोळ्यांची काडी कापून घेऊन गेला, हे उघड आहे. तरी मला धास्ती नाही. भावाच्या हाताने भरलेला डोळा धरत नाही आणि धरलाच तर एक उन्हाळा काढत नाही, हे मी शंभरदा पाहिलं आहे. प्रश्न चोरीचा आहे. सबब, माझ्या मरणानंतर तीस दिवसांत त्याने खोली रिकामी करावी. त्याच्या दारातलं ते झाड मुळासकट उपटून त्याच्या डोळ्यांदेखत जाळावं. लेकीने हयगय केल्यास कलम १ तिला लागू नाही.

कलम ६. या कागदावर दुसरा साक्षीदार भाऊच राहील. वकील बोलता बोलता म्हणाले होते, की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. बोललेलं वाया जाऊ द्यायचं नाही, ही माझी सवय. तो सही करायला तयार आहे. आत काय आहे हे त्याने विचारलंही नाही, याचाही मला राग आला.

कलम ७. इथवर लिहून झाल्यावर वकील म्हणाले, "झाडांचं परिशिष्ट जोडायला हवं. नुसता आकडा नको, मोजून लिहा." दारात उभी राहून सगळं ऐकत असलेल्या लेकीने किल्ली मागितली. मी दिली नाही, स्वतः गेलो. ती कुंपणाबाहेर उभी राहिली.

मी मोजताना प्रत्येक झाडाला हात लावत होतो. तिसऱ्या झाडाशी ती बाहेरून म्हणाली, "बाबा, एका देठावर पानं किती लागतात बोटांना?"

"पाच. आपल्या गुलाबाला पाचच असतात."

"मोजा तरी."

सात लागली. पुढच्या झाडालाही सात. खुंटाच्या रानटी गुलाबाला सात असतात. चाळीसही झाडांशी वाकून मी बुंध्यापर्यंत हात नेला. डोळा भरलेल्या जागेच्या वरचं लाकूड वाळून कडकड मोडत होतं, आणि जोमात होते ते खालचे फुटवे. खुंटाचा फुटवा दिसताक्षणी उपटायचा असतो, नाहीतर तो सगळं पाणी स्वतः पितो आणि वरच्या झाडाला उपाशी मारतो. हे माझ्या बारमाही मजुरालाही कळतं. पण मजुराला आत येऊ देत नव्हतो, आणि मला दिसत नव्हतं. आंधळ्या हाताने मी वरचं खरं झाड छाटत गेलो आणि खालचं रानटी वाढवत गेलो. दोन वर्षं फुलं लहान येत होती तेव्हा मी खताला शिव्या दिल्या, मग खतवाल्याला, मग विक्रीच बंद केली.

"तुला कधीपासून माहीत होतं?" मी विचारलं.

"गेल्या वर्षापासून. सांगायला आले तर तुम्ही म्हणालात, कुंपणाला टेकू नकोस."

"मग आता का सांगतेस?"

"तुम्ही काकांचं झाड जाळायला लिहिलंत म्हणून. आणि काका चढले नव्हते, बाबा. तुम्ही दवाखान्यात होतात, किल्ली माझ्याकडे होती. दार मी उघडलं. काडीही मीच कापून दिली."

मी तिला म्हणालो, "माझ्याच घरात चोर." ती म्हणाली, "हो." रडली नाही. माझीच पोर आहे.

सबब कलम ५ रद्द. वर खाडाखोड करत नाही, खाडाखोडीचा कागद कोर्टात टिकत नाही म्हणतात. भाऊ त्या खोलीत मरेपर्यंत राहील. खोली लेकीचीच, त्याला ठेवण्याची अट तिच्यावर आहे, त्याला मी काही देत नाही, म्हणून साक्षीदारही तोच राहील. ही क्षमा नव्हे. सहा वर्षांचं झाड उपटून हलवलं तर जगत नाही, आणि झाडाला रोजचा माणूस लागतो, म्हणून तो माणूस तिथेच ठेवला आहे. लेकीने त्याच्याकडे जाऊन काडी मागावी. डोळे भरायला त्यालाच बसवावं आणि मजुरी विचारावी. गुलाबाला नाव काय द्यायचं ते त्या दोघांनी ठरवावं. माझं नाव घातलं तर मला राग येईल, नाही घातलं तरी येईल.

हे सर्व मला वाचून दाखवलं. मी ऐकलं, समजलं, आणि अंगठा न लावता चाचपडत सही केली.

स्थळ: रोपवाटिकेची पुढची खोली. दिनांक: नऊ मार्च, सकाळी.

सही: मृत्युपत्र करणार

साक्षीदार १: डॉक्टर, सही
साक्षीदार २: धाकटा भाऊ, सही

परिशिष्ट, झाडांची मोजणी. माझ्या कुंपणात: रानटी खुंट चाळीस, कुलुपातला गुलाब एकही नाही. भावाच्या दारात: कुलुपातला गुलाब एक, डोळा त्याच्याच हाताने भरलेला, सहा उन्हाळे काढलेला, आज सकाळी उमललेली फुलं एकतीस.