सशाचं रक्त

गुरु., ११ डिसें. जुबैल
परत शिकार! अबू फहदचा फोन: "उद्या हफ्रच्या वाळवंटात. सुरी घे." विचारणं नाही, सांगणं. माझा कफील आहे, व्हिसा त्याच्या नावावर, मालक आहे, नाही म्हणायची सोय नाही. खरं सांगायचं तर मला आवडतंही. ससा पडला की जीव जायच्या आत बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवायची, त्याबाबतीत अ.फ. कडक. आणि त्याला माझाच हात लागतो. बायको नसीम भडकली, "तुम्ही परचेस मॅनेजर का खाटीक?" म्हटलं, दोन्ही.
या वेळी त्याचा धाकटा भाऊ नासरही येणार. कंपनीवरून दोघांचं वाजलंय, महिनोन्‌महिने बोलणं नाही. मधल्यामधे माझं भरीत.

शनि., १३
अ.फ. गेला. क्रमाने लिहितो, नाहीतर उद्या मला स्वतःलाच पटायचं नाही.
काल दुपारी अ.फ. खुशीत होता. स्वतःची जादा बंदूक माझ्या हातात दिली. "रोज कापतोस, आज मार." ससा उठला, मी बार काढला, लागला! मीच चाट पडलो. ससा तडफडत होता. म्हणून बंदूक जीपच्या सीटवर टाकली आणि सुरी घेऊन पळालो. गुडघे टेकून सशावर सुरी फिरवली, तेवढ्यात मागे बार. वाटलं, दुसरा ससा. वळलो तर अ.फ. वाळूत तोंडावर पडलेला. नासर जीपपाशी, दार लावत होता.
ओरडला, "यल्ला, उचल!" दोघांनी मिळून जीपमधे घातलं. मग मला म्हणाला, तू इथेच थांब, तंबू सांभाळ. आणि गेला निघून.
एकटा. चहूकडे नुसती वाळू. असरच्या नमाजची वेळ निघून चालली होती. बाहीला सशाचं रक्त, कदाचित अ.फ.चंही. अशा कपड्यांत नमाज कशी पढणार? शर्ट काढला, कॅनमधल्या पाण्याने धुतला, तंबूच्या दोरीवर टाकला. पढलो, रडलो. या अल्ला, कसला माणूस होता.
पोलीस आले तेव्हा शर्ट टपटप गळत होता.

रवि., १४
ऑफिसरने शांतपणे विचारलं, "शर्ट का धुतला?" म्हटलं, नमाजसाठी. तोही नमाजीच, मान हलवली. मग माझी बॅग उघडली. आत धुतलेले दोन शर्ट. "यातला का नाही घातला?"
काय सांगू? रक्ताचा डाग सुकला की जात नाही, नवा शर्ट आहे, बायको ओरडेल. हे बोललो. खरं तेच होतं. बोलता बोलता मलाच ते खोटं वाटायला लागलं.
दोन्ही बार मला दिलेल्या बंदुकीतून निघालेले. माझा एक होता. दुसरा?
"तू काय पाहिलंस?"
"पाठ होती माझी."
जीपचं दार लावणारा हात सांगितला नाही.

मंगळ., १६
दफन झालं. लोक मला सलाम करतात आणि लगेच दुसरीकडे बघतात.
कंपनीत सेफ्टीला नाशिकचा आहेर आहे, माझा जुना दोस्त. कॅन्टीनमधे हळूच म्हणाला, "अरे, शनिवारी सुट्टी, मातीसुद्धा झाली नव्हती, आणि नासरने ऑफिसची कुलुपं बदलली. कंपनीचा शिक्का खिशात घालून फिरतोय." आणि मग, "पण तू शर्ट का धुतलास रे?"
तूपण, आहेर? हिंदू माणूस, त्याला नमाजचं काय कळणार म्हणून सोडून दिलं. पण मशिदीतल्यांनीही हेच विचारलं.

गुरु., १८
नासरने केबिनमधे बोलावलं. अ.फ.च्याच खुर्चीत. गावा, म्हणजे अरबी कॉफी, ओतून दिली स्वतःच्या हाताने.
"तू थकलास. घरी जा. तिघांचं फायनल एक्झिट करतोय, कायमचं."
"पण केस?"
"अपघात. खलास."
"मुलीची, सनाची दहावी आहे."
"तिकडे शाळा नाहीत?"
हसला. दात अगदी भावासारखे.

रवि., २१
नसीमने बॅगा काढल्यासुद्धा. "जीव वाचतोय ना? चला. रत्नागिरीत मासे विकू."
मी म्हटलं, अगं, गेलो तर मीच मारलं असं होईल! आज शंका आहे, उद्या खात्री होईल. पळणाऱ्याला कोण विचारतं?
"आणि थांबलात तर?"
थांबलो तर इकामा, राहायचा परवाना, नासरच्या हातात, मान त्याच्या हातात. तोंड उघडलं तर माझा शब्द आणि त्याचा शब्द. माझा शर्ट धुतलेला.
ऑफिसरचा नंबर मोबाइलमधे आहे. दोनदा काढला, ठेवून दिला. भित्रा आहे मी. हे कधी माहीत नव्हतं.

मंगळ., २३
सना माझ्याशी बोलत नाही. शाळेत कोणीतरी काहीतरी बोललं असणार. जेवताना एकदम, "अब्बा, यू वॉश्ड इट फॉर नमाज ओन्ली, ना?"
नसीमने तिला फटका मारला. मी म्हटलं, मारू नकोस, विचारू दे. हो बेटा, नमाजसाठीच.
"ओके," म्हणाली. ताटात बघत म्हणाली.
अख्ख्या सौदीने संशय घेतला असता तरी चाललं असतं. या एका ओकेने मेलो.

गुरु., २५. दम्माम विमानतळ
नासर स्वतः सोडायला आला. ड्रायव्हर नाही, कोणी नाही. गाडीत तोच बोलत होता, सनाला चॉकलेटं. आत जाताना मिठी मारली, कानाशी म्हणाला, "लोक म्हणतील तू पळालास. म्हणू दे. मी कोणाला काही बोलणार नाही."
म्हणजे ठरलेलं आहे. मी विमानात बसलो की त्याचा भाऊ मी मारला.
काचेपलीकडे उभा आहे अजून. हात हलवतोय.
पासपोर्टची रांग पुढे सरकतेय. नसीम खूण करतेय, या लवकर. सना मागे वळून बघतेय. बाकावर बसून हे लिहितोय. मोबाइलवर ऑफिसरचा नंबर लावला आहे, रिंग जातेय