पंचाचा निर्णय अंतिम

३ एप्रिल, सोमवार
दाढी करताना आवाज आला: “ओसवाल्दो डावा गाल उरकतोय. तोही धड नाही.” वरच्या मजल्यावरच्या परेराचा रेडिओ असणार. रेडिओला माझं नाव कसं कळलं, हा तपशील सध्या बाजूला.

४ एप्रिल
परेराला कडक समज दिली. म्हणे रेडिओ जानेवारीतच विकला. खोटारडा.

९ एप्रिल, रविवार
शांतपणे विचार केला. रोसारिओ शहराच्या गल्ली-फुटबॉल लीगमध्ये मी बावीस वर्षं पंच आहे. दर रविवारी दोनशे माणसं माझ्या आईचा उद्धार करतात. एका आवाजाला काय भीक घालायची? संकल्प: संपूर्ण दुर्लक्ष.

१२ एप्रिल
बायकोला, म्हणजे नेलिदाला, सहज बोललो. ती म्हणाली, डॉक्टरांकडे जाऊ. या शहरात भाजीवाल्यापासून पाद्र्यापर्यंत प्रत्येकाचा मानसोपचाराचा तास ठरलेला आहे. न जाणारा शहाणा मी एकटाच. शिवाय असल्या डॉक्टरकडे जाणाऱ्या पंचाची पेनल्टी कोण मानणार?

१६ एप्रिल, रविवार
आवाज म्हणाला, “शिट्टी मार.” मारली. पेनल्टी दिली. चेंडू तेव्हा मैदानाबाहेर होता. दोन्ही संघांचं बावीस वर्षांत प्रथमच एकमत झालं. लीगच्या चिटणीसाने विश्रांती घ्यायला सांगितलं. ती मी स्वेच्छेने घेतोय.

२१ एप्रिल
चार रात्री झोप नाही. पंचाला कमीच लागते. आवाज आता नेलिदाबद्दल बोलतो. सकाळच्या माते-चहात ती काहीतरी कालवते म्हणे. मी अर्थातच विश्वास ठेवलेला नाही. खबरदारी म्हणून फक्त बंद पुड्यातली बिस्किटं खातो.

२४ एप्रिल
आमच्याकडे माते-चहाचा तुंबा हातोहात फिरतो, आणि ‘धन्यवाद’ म्हणायचं ते आता पुरे झालं तरच. आज नेलिदाने पहिलाच तुंबा पुढे केला आणि मी घोटही न घेता ‘धन्यवाद’ म्हणालो. निव्वळ सौजन्य. तिने थर्मास खाली ठेवला आणि रडली. मला फार वाईट वाटलं. आवाज मात्र हसला.

२८ एप्रिल, शुक्रवार
दवाखान्यात गेलो. नेलिदाच्या समाधानासाठी. डॉक्टरीणबाई पोरसवदा. म्हणाल्या, आवाज पुष्कळांना येतात, सगळेच आजारी नसतात. पण आवाज हुकूम सोडू लागला, झोप-जेवण तोडू लागला, आपल्याच माणसाची धास्ती घालू लागला, की थांबायचं नाही. यावर उपचार आहेत. कधीपासून येतो, विचारलं. मी म्हणालो, तीन आठवडे.

“गेल्या ऑगस्टपासून,” नेलिदा म्हणाली. “हा त्याला मोठ्याने उत्तरं देतो, डॉक्टर.”

मी हरकत घ्यायला तोंड उघडलं. आवाज म्हणाला, एक शब्द बोलू नकोस. या वेळी मी त्याचं ऐकलं नाही.

“मला भीती वाटते, नेलिदा.”

“मलाही,” ती म्हणाली. “तुझी.”