मागच्या फळीवरची कुलपं

मंगळवार, ३ मार्च

प्रिय धाकट्यास,

आशीर्वाद. इतक्या वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस. इकडे सगळं ठीक, असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं.

आपलं कुलूप-किल्लीचं दुकान चालू आहे. किल्ल्या हरवणारी माणसं जगात आहेत तोवर आपल्याला मरण नाही. तुझ्या वहिनीचे गुडघे कुरकुरतात, तोंड मात्र ठणठणीत आहे.

मागच्या वर्षी माझ्या हृदयात स्टेंट बसवला, हे कानावर आलंच असेल. शीर उघडी राहावी म्हणून घालतात ती बारीक जाळीची नळी. ती शिरेच्या वळणावरच मोडली. ठोक्यागणिक वाकून वाकून तार तुटते, त्यात नवल नाही. कुलपं उघडताना आपण दोघांनी काय कमी तारा तोडल्या? डॉक्टर तिच्या आत दुसरी बसवायला गेले, तर ज्या बारक्या फुग्यावर चढवून ती आत सरकवतात, त्यावरून ती वाटेतच निसटली. तारेचा फास टाकून ओढून पाहिली. येईना. जोर लावला तर शीर फाटेल, म्हणून शेवटी फुगा फुगवून तिथेच शिरेच्या भिंतीला दाबून टाकली. मी टेबलावर जागा होतो. कुलपात मोडलेली किल्ली काढताना आपण श्वास रोखून धरायचो ना, तसे ते सगळे गप्प झाले होते. मला त्यांची दयाच आली.

आता रक्त जेमतेम झिरपतं. अंघोळ करून आलो तरी धाप लागते. बायपासचं विचारलं, तर डॉक्टरीणबाई कागद चाळत म्हणाल्या, "काका, सध्या गोळ्या चालू ठेवा. बघू या पुढे."

तुझी वहिनी हरखली. "बघू म्हणाल्यात, म्हणजे काहीतरी करतीलच," म्हणाली. मी हो म्हटलं.

पण धाकट्या, तुला ठाऊक आहे. जे कुलूप उघडणार नाही, त्याच्या मालकाला बाबा कधी नाही म्हणाले नाहीत. "ठेवून जा, बघतो," म्हणायचे आणि कुलूप मागच्या फळीवर जायचं. मीही जन्मभर तेच केलं. तूच तेवढा गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचास, "साहेब, हे होणार नाही." त्यावरूनच आपलं वाजलं आणि तू निघून गेलास. फळी अजून भरलेली आहे. काल तिच्याकडे बघत बराच वेळ बसलो. मला भीती वाटते रे.

हिला सांगायला माझी जीभ रेटत नाही. तू ये आणि सांग, तुला जमतं ते. मलाही एकदा समोर बसवून सांग.

येणं होणार नसेल तर तसं स्पष्ट लिही, मला राग येणार नाही. फक्त "बघतो" असं कळवू नकोस.

फळीवरचा,
तुझा दादा