आवाज म्हणशील तर नाहीच

२ जानेवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही नुसतं हां-हां करता आणि दोन मिनिटांत फोन मामीच्या हातात देता, म्हणून हे पत्र. आजची बातमी मला हां-हांवर सोडायची नाही.

आमचा ट्रक तयार झाला. ज्याच्यापायी पाच वर्षं मी जेवणाच्या वेळा विसरले, तो अखेर स्वतःच्या चाकांवर उभा आहे. चाचणीसाठी तो तुमच्याच मालवाहतूक कंपनीकडे येतोय. तुमच्या मॅनेजरना मी कळवलंय, की ड्रायव्हर द्यायचा तर किमान चौतीस वर्षांच्या अनुभवाचा द्या. नाव काही सुचवलं नाही हं! पण तुमच्याकडे तसा माणूस एकच आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे.

गाडी कशी चालते ते आधीच सांगते, नाहीतर पुढचं झाकण उघडाल आणि कपाळावर हात मारून घ्याल. नेहमीचं इंजिन तिथे नाही. त्याऐवजी एक छोटं टर्बाइन आहे, पाण्याच्या पिंपाएवढं. ते चाकांच्या वाटेला जातच नाही, फक्त वीज तयार करतं. ती बॅटरीत साठते आणि विजेच्या मोटारी चाकं फिरवतात. गिअर नाहीत, क्लच नाही. बॅटरी उतरली की टर्बाइन आपोआप सुरू होतं, भरली की बंद. चढ असो वा उतार, ते आपल्या एकाच गतीने फिरत राहतं.

एक गोष्ट तोंडाने कधी बोलता आली नाही, ती लिहून टाकते. आई-बाबा गेल्यावर तुम्ही लांबचे फेरे सोडलेत आणि सहा वर्षं गावातल्या गावात तो जुना टिपर हाकून खडी वाहिलीत. मामीची पाळी संध्याकाळची, तेव्हा मी अभ्यासाला बसले की घरात कोणी मोठं माणूस असावं, एवढ्याचसाठी. या गाडीच्या पहिल्या किलोमीटरला स्टीअरिंगवर तुमचेच हात हवेत, मामा.

मामीला नमस्कार. आजवर माया केलीत, ती अशीच चालू ठेवा.

तुमची भाची


२५ जानेवारी

चि. खटपटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

घरातलं एकमेव घड्याळ उघडून बसणाऱ्या पोरीला मी खटपट म्हणायला लागलो, तेव्हा ही खटपट कुठवर जाईल याची मला कल्पना नव्हती. तीन आठवडे तुझी गाडी चालवतोय. पहिले चार दिवस माझा डावा पाय क्लच शोधत जमिनीवर आपटत होता. फाटकावरच्या कारकुनाला वाटलं माझ्या पायात गोळा आलाय. गिअर टाकायला हात जायचा आणि पाण्याची बाटली हातात यायची.

पण गाडी म्हणजे गाडी आहे बघ! वीस टन माल घेऊन खाणीमागचा लांब चढ चढलो. चढ लागलाय हे मला शेजारच्या गाड्या मागे पडायला लागल्या तेव्हा कळलं. उतारावर ब्रेक लावावा तर बॅटरी भरते. इतकी वर्षं उतारावर मी नुसते ब्रेक तापवत आलो, त्याचं आता वाईट वाटतं.

आणि आवाज म्हणशील तर नाहीच. टर्बाइन चालू आहे की बंद, ते समोरच्या हिरव्या दिव्याकडे बघूनच समजतं. जुन्या इंजिनाची घरघर मी डोक्यात घेऊन घरी यायचो, जेवतानासुद्धा ती चालूच असायची. आता डोकं शांत असतं. तुझी मामी म्हणते की माणूस बदलून आणलाय.

तक्रार एकच. केबिनची पायरी भलतीच उंच केली आहेस. ड्रायव्हर सगळे तुझ्यासारखे लंबूटांग नसतात.

पोरी, मला कौतुक कसं करायचं ते येत नाही. रोज सकाळी गाडीत बसलो की एकदा बाहेर हात काढून तिच्या दारावर थाप मारतो. ती तुझ्या पाठीवर पोचली असं समज. म्हाताऱ्यावर जीव आहे तो कमी होऊ देऊ नकोस.

तुझा मामा


६ फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या पत्राने इथे काय धमाल उडवून दिलीय! गेल्या सोमवारी आमची मोठी बैठक होती. टर्बाइन हवा ओढतं तिथे आवाज अडवणारं एक खोकं बसवायचं की नाही, यावर महिनाभर खल चालला होता. खोकं ऐंशी किलोचं, जागा खाणारं. केबिनमधल्या आवाजाचा मीटर आकडा दाखवत होता तो अगदी मर्यादेच्या काठावरचा. निम्मे म्हणत होते बसवा, निम्मे म्हणत होते नको.

मी तुमचं पत्र काढलं आणि तो परिच्छेद मोठ्याने वाचला. चौतीस वर्षं ट्रकमध्ये काढलेला माणूस म्हणतो की आवाज नाहीच! सगळी खोली हसली. आमच्या मुख्य बाई म्हणाल्या की मीटरपेक्षा मामा बरे. खोकं रद्द झालं. आता असे नऊ ट्रक बांधायचे ठरलेत आणि त्यांची रेखाचित्रं मार्चअखेर कारखान्यात जातील. पायरीसुद्धा खाली घेतली आहे, लंबूटांग हा शब्द मात्र मी वाचताना गाळला.

मामा, मला किती हलकं वाटतंय ते सांगता येत नाही. तुमच्यामुळे हे झालं. मामीच्या गुडघ्याचं कसं आहे? दोघं सांभाळून असा, आणि माझी आठवण ठेवा.

तुमची भाची


२१ फेब्रुवारी

चि. खटपटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले. त्यातले आठ दिवस मी हे पत्र लिहायला बसतोय आणि उठतोय. आता लिहूनच उठणार.

दुसऱ्या पाळीला आपल्या गाडीवर एक नवी ड्रायव्हर आली आहे. सगळे तिला तुफान म्हणतात. सव्वीस वर्षांची असेल, हात मात्र पक्का. रस्ता दाखवायला मी चार दिवस तिच्या शेजारी बसलो. दुसऱ्या दिवशी बघतो तर बाईने दोन्ही कानांत कापूस कोंबलेला. सर्दी झाली का, असं विचारलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी चेष्टा करतोय. मग जवळ येऊन ओरडून म्हणाली की टर्बाइनची शीळ डोक्यात सुई घालते, घरी गेल्यावरही तासभर कान वाजत असतात. ती बोलत होती तेव्हा हिरवा दिवा लागलेला होता. मला काहीही ऐकू येत नव्हतं.

मी डेपोतल्या आणखी दोघांना केबिनमध्ये बसवून बघितलं. दोघांनी कानांवर हात ठेवले.

पोरी, मी खोटं लिहिलं नव्हतं. मला खरंच वाटलं होतं की गाडी शांत आहे. जाड आवाज मला अजून येतात, बारीक चिरके आवाज कधी गेले ते कळलंच नाही. फोनवर तू बोलतेस तेव्हा शब्द नुसते पुसट लागतात, म्हणून मी हां-हां करतो. ऐकू कमी येतं हे आतून ठाऊक होतं. पण निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत, आणि कानाचा दोष कळला की नियमाने त्याच दिवशी हातातलं चाक सुटतं. म्हणून मी स्वतःलासुद्धा कळू दिलं नाही.

आता तुझे नऊ ट्रक होणार. नऊ गाड्या, दोन-दोन पाळ्या, अठरा माणसांचे कान. माझ्या एका ओळीवर ते खोकं काढलंत. ते परत बसव. माझं पत्र दाखवलंस तसं हेही दाखव, काही गाळू नकोस. उद्या सकाळी मी मॅनेजरकडे जाऊन कान तपासायला पाठवा म्हणून सांगणार आहे. तुझी मान खाली जाईल याचं वाईट वाटतं. रागावलीस तरी चालेल, पण पत्र बंद करू नकोस.

तुझा मामा

ता. क. : मी मामी लिहितेय. किटली शिट्टी मारून दमते आणि हे तिच्याशेजारी पेपर वाचत बसतात. दोन वर्षं हेच चाललंय. मला कळत होतं गं. पण चाक सुटलं तर हे घरात बसून काय करतील या भीतीने मीच फोन पटकन ओढून घ्यायचे. यांच्यावर रागावू नकोस, रागवायचं तर दोघांवर रागव. काल पत्र लिहिताना हे रडले. लग्नाला एकतीस वर्षं झाली, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.


८ मार्च

ती. मामा आणि मामीस,
शि. सा. न. वि. वि.

रागावू कशाला? पत्र वाचून आधी मी खूप रडले आणि मग ते घेऊन थेट मुख्य बाईंच्या खोलीत गेले. त्यांनी दोनदा वाचलं. मान खाली जायची तर ती माझीच जायला हवी, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. मीटरचा आकडा माझ्यासमोर होता. तो काठावर आहे म्हणजे पुन्हा मोजायला हवं, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळतं. पण तुमचं कौतुक हातात होतं आणि मला ते सगळ्यांना ऐकवायचं होतं. मामा माझ्या गाडीला चांगलं म्हणतो, या आनंदात मी माझं काम विसरले. तुमची ओळ होती, निर्णय माझा होता.

आम्ही माणूस पाठवून केबिनमध्ये पुन्हा मोजलं. पहिल्यांदा मीटर जमिनीजवळ ठेवला होता, ड्रायव्हरच्या कानाच्या उंचीला नव्हता. कानाच्या उंचीला धरल्यावर आकडा काठ ओलांडून बराच वर गेला. खोकं परत आलंय, आणि ते ऐंशीऐवजी साठ किलोंत बसवायचं आम्ही मनावर घेतलंय. रेखाचित्रं थांबवली. महिनाभर उशीर होणार म्हणून कोणी मला काही बोललं नाही. बाई एवढंच म्हणाल्या की अशा माणसाचे आभार मान.

ते मानायला बसले आणि टिपर आठवला. त्याचा सायलेन्सर कायम फुटलेला असायचा. तीन गल्ल्या पलीकडून तो धडधडत आला की मी वही मिटून दाराशी पळायचे, मामा आला म्हणून. मामा, मी त्या आवाजावर खूश व्हायचे. रोज दहा तास तुम्ही त्याच्या पोटात बसलेले असायचात, हा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही. इंजिनं शिकले, आवाजाचं गणित शिकले, तरी आला नाही. तुमचे कान माझ्या अभ्यासावर खर्च झाले. याची परतफेड नसते, मी करणारही नाही. फक्त मला ते माहीत आहे, एवढं तुम्हाला माहीत असू द्या.

तपासणीचं काय झालं? चाक सुटलं का? खरं लिहा. माझ्यावरचा हक्क तुम्ही दोघांनी कधी सोडू नका.

तुमचीच भाची


१४ एप्रिल

चि. खटपटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सुटलं. डॉक्टरीणबाई पाठीमागे उभ्या राहून हळू शब्द बोलत होत्या म्हणे. मी आपला खिडकीबाहेर बघत त्या कधी सुरू करतात याची वाट पाहत बसलो होतो. शेवटी समोर येऊन त्यांनी कागदावर लिहिलं की झालं. मलाच हसू आलं. कानात बसवायचं यंत्र दिलंय. ते घातलं की मामीच्या बांगड्या एवढ्या वाजतात की मी दिवसातून दोनदा काढून ठेवतो.

पहिला आठवडा वाईट गेला, खोटं का सांगू. सकाळी पाच वाजता उठून तयार व्हायचो आणि मग काय करायचं ते कळायचं नाही. मग मॅनेजरने बोलावलं. नव्या ड्रायव्हरांना तुझी गाडी शिकवायचं काम दिलंय, शेजारच्या सीटवर बसून. टिपरचं म्हणशील तर ते डोक्यातून काढून टाक. त्या सहा वर्षांत रोज संध्याकाळी घरी होतो. कुठल्या ड्रायव्हरला एवढं मिळतं? मी फायद्यात आहे.

आता मुख्य बातमी. तुझं खोकं आलं, परवा बसवलं. काल तुफानबरोबर खाणीमागच्या चढावर गेलो. माल पूर्ण भरलेला, अर्ध्या चढावर हिरवा दिवा लागला. मला फरक कळणार कसा? यंत्र मी मुद्दाम घरी ठेवलं होतं, ती शीळ ऐकायची हिंमत होत नव्हती. म्हणून मी रस्ता सोडून तिच्याकडेच बघत होतो. थोड्या वेळाने तिचे ओठ हलायला लागले. मला वाटलं माझ्याशी बोलतेय, म्हणून कान पुढे केला. ती लाजून थांबली. पोरी, ती गाणं म्हणत होती. वीस टन माल, टर्बाइन चालू, आणि ड्रायव्हर आपल्याच नादात गातेय. चौतीस वर्षांत चढावर मी कोणाला गाताना पाहिलं नव्हतं, जमलंच नसतं.

थांबू नकोस, म्हणून तिला हाताने खूण केली. गाणं कोणतं ते मला ऐकू आलं नाही. पण माथ्यावर पोचेपर्यंत मी ते सगळं बघितलं. तुझे आभार, खटपटे. आहे तसाच जीव लावून राहा, आणि पुढचं पत्र मोठं लिही.

तुझा मामा