साठ टनांचा दाखला

४ मार्च

चि. पिटुकल्या यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

लष्करी वाहतूक विभागात मार्ग आखायच्या कामावर तुझी नेमणूक झाल्याचं तुझ्या बायकोने कळवलं. तुला स्वतःला दोन ओळी खरडायला सवड झाली नाही. असो, मोठा माणूस झालास. पण सहा फुटी कर्नलला पिटुकल्या म्हणणारी आता मी एकटीच उरले आहे, तेव्हा हा हक्क काही मी सोडणार नाही.

इथे सगळं जुनंच. माझा गुडघा कुरकुरतो आणि माझा पूलही. पूल-तपासनिसाच्या नोकरीतून निवृत्तीला दीड वर्ष राहिलं, तोवर दोघांनी कळ काढावी एवढीच इच्छा. तिसऱ्या खांबावरच्या तुळईला तडा गेल्याला चार वर्षं झाली. दरवर्षी दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवते, आणि दरवर्षी एकच उत्तर येतं, निधी उपलब्ध नाही. टंकणारा बदलतो, वाक्य बदलत नाही. म्हणून मी बारा टनांची पाटी लावली आहे. बस आली की अलीकडे सगळे उतरतात, रिकामी बस पुढे जाते आणि माणसं मागून चालत जाऊन पलीकडे पुन्हा चढतात. बाळंतीणसुद्धा चालते, म्हातारेही चालतात. परवा रेडिओवर ऐकलं, की समुद्रापार आपला पाचवा लष्करी तळ उभा राहतोय. नाक्यावरचा न्हावी म्हणाला, की बाईसाहेब, आता आपण जगाचे पाटील. मी म्हटलं, की पाटलाच्या घराचा उंबरा कुजलाय, तो आधी बघा.

भावजयीला आशीर्वाद. प्रकृतीला जप आणि बहिणीला विसरू नकोस.
तुझी ताई

११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावू नकोस, खरोखर मान वर करायला वेळ नाही. आणि आज लिहितोय तेही कामासाठीच, हे आधीच कबूल करतो.

येत्या अठ्ठावीस तारखेला क्षेपणास्त्रांचे नऊ ट्रेलर तुझ्या पुलावरून बंदरात जायचे आहेत. तिथून जहाजाने नव्या तळावर. बंदरात दोन देशांचे पाहुणे येणार आहेत. मार्ग मी आखला आहे. दुसऱ्या रस्त्यावरचा बोगदा ठेंगणा पडतो, त्यामुळे तुझ्या पुलाला पर्याय नाही. एकेक ट्रेलर साठ टनांचा. आमच्या कागदांत तुझ्या पुलाची क्षमता सत्तर टन दाखवली आहे. तपासनिसाच्या सहीचा दाखला मिळाल्याशिवाय ताफा हलत नाही, हा लष्कराचाच नियम, म्हणून तुला विनंती. एका वेळी एकच ट्रेलर, तोही माणसाच्या चालीने नेऊ. एकदाच काय ते.

तुला तळ, जहाजं हा सगळा डामडौल वाटतो, हे मला ठाऊक आहे. पण ताई, पूर्वी आपल्याला कुणी विचारत नव्हतं. आज चार बलाढ्य देशांच्या बैठकीत आपली खुर्ची असते. ती फुकट मिळत नाही. थोडी कळ सगळ्यांनाच सोसावी लागते. आणि खरं सांगायचं, तर या कामावर माझी पुढची बढती अवलंबून आहे.

गुडघ्याला शेक घे. तुझी माया या धाकट्यावर अशीच राहू दे.
तुझा भाऊ

१४ मार्च

चि. पिटुकल्या यास,
आशीर्वाद.

सही करणार नाही.

आता कारण ऐक. तुमच्या कागदातला पूल ऐंशी वर्षांपूर्वीचा आहे. नदीवर उभा आहे तो वेगळा. पत्र मिळाल्यावर काल मी पुन्हा तपासणीच्या टांगत्या पाळण्यातून पुलाखाली उतरले. चार वर्षांपूर्वी त्या तड्यात नख जायचं. काल करंगळी पेरापर्यंत गेली. साठ टन तिथे आले, तर पहिला ट्रेलर कदाचित जाईल, दुसरा जाणार नाही. त्याच्या चाकामागे कोण बसलेलं असेल, ते तू मार्ग आखताना कुठे लिहिलंस का?

थोडी कळ सगळ्यांनी सोसावी म्हणतोस. चार वर्षं बसमधून उतरून ज्यांनी सोसली, त्यांना खुर्चीचं कौतुक सांगायला तूच ये. माझ्याच्याने होणार नाही.

आमच्या मोठ्या साहेबांचा फोन आला होता. आधी गोड बोलले, मग म्हणाले, की सही नसेल तर बदली. मी म्हटलं, की बदलीचा कागद यायला आठ दिवस लागतील, तेवढ्यात मी माझं काम करते. आणि केलं. धोका दिसला तर पूल अरुंद करायचा अधिकार तपासनिसाला असतो. मुकादमाला सांगून दोन्ही तोंडांना काँक्रीटचे ठोकळे बसवून घेतले. मधे बस जाईल एवढीच वाट. तुझे ट्रेलर तिथे खांद्यालाच अडकतील. मुकादम म्हणाला, की बाई, जन्मात पहिल्यांदाच सरकारी काम वेळेत झालं.

तू रागावशील. रागाव. पण जेवत जा.
तुझी ताई

१९ मार्च

ती. ताई यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र भाऊ म्हणून लिहीत नाही. आपण बसवलेले ठोकळे क्रेनने तासाभरात निघतील, याची आपणांस कल्पना असेलच. आपल्या निलंबनाचा आदेश आज निघाला. नवा तपासनीस येऊन दाखला देईल.

काल बैठकीत एकाने तुला देशद्रोही म्हटलं. तू माझी बहीण, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी गप्प बसलो. तू ही वेळ माझ्यावर आणलीस.

कळावे.

२३ मार्च

चि. पिटुकल्या यास,
आशीर्वाद.

तू खाली सही केली नाहीस, तरी अक्षर ओळखलं. ‘आपणांस’ म्हणता म्हणता मधेच ‘तू’ म्हणालास, तेवढा ‘तू’ मी ठेवून घेतला.

निलंबनाचा कागद पोचला. टेबलाची किल्ली दिली. माझ्या जागी शेजारच्या जिल्ह्यातले तपासनीस आले, भला माणूस, माझ्याच वयाचा. पाळण्यातून खाली गेले, वर आले, तोंड पुसलं. दुसऱ्या दिवशी त्यांची पाठ धरली आणि ते रजेवर गेले. मग दुसरे आले. तेही खाली जाऊन आले आणि त्यांना ताप भरला. आमच्या खात्यात साथ आली आहे म्हणे. पुलाखाली जो जातो त्याला ती लागते.

आता मोठे साहेब राजधानीत बसूनच सही करणार आहेत, पूल न बघता. करू देत. मी त्यांना रजिस्टर पत्राने रीतसर आमंत्रण पाठवलं आहे. अठ्ठावीस तारखेला सकाळी दहा वाजता मी तिसऱ्या खांबापाशी, पुलाखाली खुर्ची टाकून बसणार आहे. शेजारी एक खुर्ची त्यांच्यासाठी ठेवली आहे. पूल साठ टन पेलतो असं ते लिहून देत असतील, तर त्यांनी माझ्याशेजारी बसून लिहून द्यावं. मुकादम आणि बसचा ड्रायव्हर म्हणाले, की आम्हीही येतो. मी नको म्हटलं. ते ऐकत नाहीत. मोठ्यांचं ऐकायचं नाही, ही इथलीही रीत दिसते.

मला देशद्रोही म्हटलं, त्याचं मला काही वाटलं नाही. तू गप्प बसलास, त्याचं वाटलं. लिहून टाकलं, आता मनात नाही.
तुझी ताई

३० मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

अठ्ठावीस तारखेला तुम्ही खाली बसून राहिलात आणि वरून काहीच गेलं नाही, हे मुकादमांच्या फोनवरून कळलं. का गेलं नाही, ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. हे सांगणार नाहीत, म्हणून मी लिहिते. मी लिहिलंय हे त्यांना कळू देऊ नका.

तुमचं तेवीसचं पत्र आलं त्या दिवशी हे जेवले नाहीत. पंचवीसच्या पहाटे साधे कपडे घालून बाहेर पडले, ते संध्याकाळी परतले. नखांत गंज भरलेला, शर्टाची बाही फाटलेली. विचारलं, तर म्हणाले, की बसने गेलो होतो, सगळ्यांबरोबर उतरून चाललो, मुकादमाच्या हातापाया पडून पाळण्यातून खाली गेलो. तुम्हाला न भेटता आले, कारण तोंड दाखवायची लाज वाटली. मग बराच वेळ आपल्या करंगळीकडे बघत बसले.

सव्वीसच्या बैठकीत तुमच्या साहेबांनाही बोलावलं होतं. यांनी तुमच्या पत्रातला आमंत्रणाचा मजकूर तिथे मोठ्याने वाचला. म्हणाले, की जी बाई तिथे बसणार आहे ती माझी बहीण आहे, हे मागच्या खेपेला सांगायचं राहिलं. मग दाखल्याचा कागद साहेबांसमोर ठेवला आणि म्हणाले, की सही करणार असाल तर शेजारची खुर्ची तुमची, नसाल तर मी बसतो. वन्सं, तेवढ्या मोठ्या खोलीत पेन उचलायला कुणी तयार होईना. शेवटी यांनीच आपल्या आराखड्यावर मार्ग अयोग्य असं लिहून सही केली.

बढती गेलीच. सीमेजवळच्या कोठारावर बदली झाली, ताडपत्र्या आणि टायर मोजायला. पाहुणे बंदरात फराळ करून परतले. खोटं कशाला बोलू, पहिले दोन दिवस मला तुमचा संताप आला होता. एवढी वर्षं या बढतीची वाट मीही पाहिली होती. पण रात्री यांना शांत झोप लागते, ती बघितली आणि राग आपोआप उतरला. सामान बांधते आहे.

आमच्यावर माया ठेवा, आणि यांना आधी तुम्हीच लिहा.
तुमची भावजय

१६ एप्रिल

चि. पिटुकल्या यास,
पोटभर आशीर्वाद.

तू काय केलंस ते मला कुणीही सांगितलेलं नाही. तरी मला माहीत आहे, आणि एवढंच लिहिते, की ऊर भरून आला.

परवा माझी चौकशी झाली. तीन साहेब लांबलचक टेबलामागे. त्यांनी विचारलं, की जगापुढे देशाची शोभा झाली, त्याचं काय. मी म्हटलं, की सात समुद्रांवर पहारा ठेवणाऱ्यांना स्वतःची एक नदी ओलांडता आली नाही, ही शोभा मी केली नाही, मी फक्त दाखवली. माफीचा मजकूर त्यांनी तयारच ठेवला होता. मी तो वाचला, त्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि सही न करता परत दिला. नोकरी गेली. दीड वर्षाने जाणारच होती.

पण पुढचं ऐक. ते पाठ धरलेले आणि ताप भरलेले, दोघेही बरे झाले! त्यांनी आपापल्या जिल्ह्यातल्या पुलांवर खरे आकडे लावले. ते बघून बाकीच्यांनीही लावले. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यांवर आता अकरा पाट्या आहेत. अकराजणांना एकदम काढता येत नाही, काढलं तर सही कुणी करायची? काल वर्तमानपत्रात कोपऱ्यात बातमी होती, की पाचव्या तळाचं काम वर्षभर पुढे ढकललं, तो निधी पुलांकडे वळवला. ट्रेलर जावेत म्हणूनच वळवला, हे मला कळतं. चार वर्षं माणसांसाठी नव्हता, तो लोखंडासाठी पंधरा दिवसांत सापडला. याचा राग मी मरेपर्यंत ठेवणार आहे. पण तुळई नवी बसते आहे, आणि तुळईला काही कळत नाही, वरून कोण चाललंय ते.

पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे येते. भावजयीला सांग, मला गादी नको, सतरंजीवर झोपायची सवय आहे. तुझ्या कोठाराच्या वाटेवर तीन पूल आहेत आणि त्यातल्या एकाकडे वीस वर्षांत कुणी फिरकलेलं नाही, असं ऐकते. नोकरी गेली, डोळे शाबूत आहेत. पोचायला उशीर झाला तर काळजी करत बसू नका. एक दोर आणि कंदील घेऊन तू पुलाकडे ये, मी खाली असेन.

तुझी ताई